चढावर बंद पडणारी गाडी: एप्रिल ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, पासिंग एमएच ०८. मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. २०१९ मध्ये चिपळुणात सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सापडलं ते समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या कुठल्याही गाडीत सापडू शकतं. आमचं घर गुहागरच्या किनाऱ्यापासून नारळी-पोफळीची एक वाडी सोडून आहे. पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात पुढच्या काचेवर मिठाची पुटं चढतात, बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं.

तक्रार एकच: गाडी चालता चालता मरते. कधी इंजिन बंद पडतं, कधी बंद केल्यावर सेल्फ घेत नाही. मग केव्हा तरी, काहीही न करता, चालू होते. आईला महिन्यातून एकदा डोळ्यांच्या तपासणीसाठी चिपळूणला न्यावं लागतं, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही. वही घातली ती मिस्त्रीला नीट सांगता यावं म्हणून. पुढे त्याच वहीने कारण दाखवलं. ज्यांची गाडी असाच त्रास देते त्यांच्यासाठी नोंदी जवळजवळ तशाच ठेवतो आहे, फक्त अक्षर न लागणाऱ्या ओळी पुन्हा लिहिल्या आहेत.

१९ एप्रिल, शनिवार

आईला घेऊन सकाळी ८ ला निघालो. मार्गताम्हानेच्या अलीकडच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनने एक आचका दिला आणि सगळं बंद. डॅशबोर्डवरचे दिवे मंद पेटले आणि विझले. सेल्फ मारला तर फक्त ‘टक’. आई मागे बसलेली, काच खाली, ऊन वर येत होतं. मागून येणारा वडापवाला थांबला, त्याने आणि त्याच्या दोन प्रवाशांनी गाडी ढकलून कडेच्या सपाट जागेवर लावून दिली. ४० मिनिटांनी किल्ली फिरवली आणि पहिल्याच सेल्फला चालू झाली. तपासणीची वेळ गेली होती. डॉक्टरांनी दुपारी बघितलं हे त्यांचे उपकार.

वहीत लिहिलं: गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर चालू होते. हे वाक्य चुकीचं होतं आणि पुढचे अडीच महिने मी त्याच्यामागे फिरलो.

२१ एप्रिल

बॅटरी बदलली. जुनी चार वर्षांची होती, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी. जुनी देऊन नवी ४,२०० रुपयांना. टर्मिनल घासले, घट्ट केले, पण बॅटरीखालच्या ट्रेकडे पाहिलं नाही. तिथे पाहिलं असतं तर ही वही इथेच संपली असती.

२ मे, शुक्रवार

हापूसच्या चार पेट्या दापोलीला पोचवायच्या होत्या म्हणून धोपाव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने दाभोळला गेलो. जाताना काही नाही. येताना सुकती होती, पाणी खाली गेलेलं, त्यामुळे बोटीच्या फळीपासून जेट्टीचा चढ उभा झालेला. माझ्या पुढची गाडी चढली, मी क्लच सोडला आणि अर्ध्या चढावर इंजिन मेलं. मागे सात गाड्या आणि पाणी. हँडब्रेक ओढून धरला, दोन्ही पाय ब्रेकवर. बोटीवरच्या माणसांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि सहा जणांनी गाडी वर ढकलली. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. वर सपाटीवर आल्यावर सेल्फ मारला आणि चालू झाली. बंद पडण्यापासून चालू होण्यापर्यंत जेमतेम दहा मिनिटं.

हे दहा मिनिटांचं गणित तेव्हाच खटकायला हवं होतं. मे महिन्याच्या दुपारी इंजिन दहा मिनिटांत थंड होत नाही.

५ मे

गॅरेजला दिली. मिस्त्रींनी प्लग काढून पाहिले, ‘काळे पडलेत’ म्हणाले. चारही प्लग आणि इग्निशन कॉइल बदलली. मजुरीसह ३,८५० रुपये. गाडी आठवडाभर गोड चालली. वही वाचणाऱ्यांनी इथे सावध व्हावं: जो बिघाड मनाला येईल तेव्हा येतो, त्यात प्रत्येक नवा पार्ट आठवडाभर ‘लागू पडतो’.

१३ मे

पुन्हा बंद, शृंगारतळीकडे चढताना. त्याच गॅरेजमध्ये ‘पेट्रोल पंपाचा आवाज बारीक येतोय’ असं ठरलं. टाकीतला पंप बदलला, पार्ट ४,८००, मजुरी ८००. मी विचारलं, प्रेशर मोजता येईल का? गेज नव्हतं. तरी मी हो म्हटलं, कारण दोन दिवसांनी आईची पुढची तारीख होती आणि मला काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं. अशा घाईत घेतलेला निर्णय गॅरेजचा नसतो, आपला असतो.

जुना पंप मागून घेतला. बदललेला प्रत्येक पार्ट घरी आणायची सवय ठेवा. हा पंप नंतर दुसरीकडे गेज लावून पाहिला, तीन बारचा दाब व्यवस्थित देत होता.

१७ मे, शनिवार

१५ तारखेला चिपळूण जाऊन-येऊन काही झालं नाही. आज एकटा रामपूरच्या पुढून येत होतो आणि बंद. या वेळी दोन तास उभा राहिलो. चालू झालीच नाही. टेम्पोमागे दोर बांधून घरी आणली, २,५०० रुपये. दोराने ओढलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसणं फार थकवणारं असतं. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग जड. पुढच्याला सांगून ठेवा की उतारावर सावकाश.

घरी पोचल्यावर अंगणात किल्ली फिरवली. चालू झाली. मी दार लावून आत गेलो आणि त्या दिवशी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

२० मे

मल्टिमीटर ६५० रुपये, मोबाइलला जोडायचा स्कॅनर ९०० रुपये. गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे. सगळ्या जुन्या गाड्या या स्वस्त स्कॅनरशी बोलत नाहीत, माझी बोलली. बिघाडाचे दोन कोड साठलेले: पी ०३३५ आणि पी ०५६२. पहिला क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरच्या सर्किटचा, दुसरा गाडीचं व्होल्टेज कमी पडल्याचा.

मी पहिल्या कोडवर झडप घातली. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जगतो, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. माझ्या वहीतल्या पहिल्या वाक्याशी ते तंतोतंत जुळलं. दुसऱ्या कोडबद्दल लिहिलं: ‘बॅटरी बदलली तेव्हाचा असेल.’ कोड पुसून परत येतो का बघणं हे दोन मिनिटांचं काम होतं, तेही केलं नाही.

बॅटरी मोजली. बंद गाडीत १२.६, चालू गाडीत १४.१ व्होल्ट. दोन्ही आकडे चांगले. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक, असं लिहून मोकळा झालो.

२४ मे

शेजारी म्हणाले, हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, आपल्याकडच्या दमट हवेत पाणी धरत असेल. शंका रास्त वाटली, इथेनॉल पाणी ओढतंच. टाकीच्या तळचं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून पडवीच्या बाहेर, चुलीपासून लांब, रात्रभर ठेवलं. पाणी जास्त झालं की खाली वेगळा थर बसतो. सकाळी थर नव्हता. एक शंका फुकटात मिटली. या संपूर्ण प्रकरणातली मी नीट केलेली ही पहिली तपासणी.

२५ मे, रविवार

पाऊस आला. मृग अजून दोन आठवडे लांब आणि मान्सून कोकणात दाखल. गाडीवरचा पत्र्याचा मांडव घालायचा राहिला होता. लाकडं भिजली, गवताच्या पेंढ्या भिजल्या, सगळ्यांचीच तारांबळ. गाडीवर ताडपत्री टाकून दगड ठेवले. ताडपत्री चुकीची: आतली वाफ कोंडते आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. वरून झाकायचं, पण बाजू मोकळ्या ठेवायच्या.

३ जून

क्रँक सेन्सर एस.टी.च्या पार्सलने आला. १,४५० रुपये. बसवणावळ ३००. जुना सेन्सर ओममध्ये मोजून पाहिला तर नव्याइतकाच आकडा. तरीही नवाच ठेवला, आता आणलाय तर राहू दे म्हणून.

१४ जून

पावसात, अंधारात, त्याच शृंगारतळीच्या चढावर बंद. बरोबर बायको होती. वायपर अर्ध्यावर थांबले. बॉनेट उघडून टॉर्च धरली आणि तिने एक गोष्ट सांगितली जी मी तेव्हा नीट ऐकली नाही: ‘सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरच्या तारेजवळून धूर आल्यासारखा वाटला.’ मी म्हटलं, पाण्याची वाफ असेल. बॉनेट जोरात आपटलं, गाडीत बसलो, चालू झाली.

स्कॅनरवर तेच दोन कोड.

१५ ते २८ जून

काही केलं नाही. गाडी मांडवात उभी. आईची जूनची तारीख रिक्षाने केली, जाऊन-येऊन १,८०० रुपये आणि तिची पाठ चार दिवस धरलेली. ती म्हणाली, ‘विकून टाक रे ती, जिवाला घोर लावून घेऊ नको.’ विकायचा विचार केला. पण कारण माहीत नसलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, आणि तिच्यात त्याची आई बसणार, हे मनाला पटेना.

२९ जून, रविवार

दिवसभर पाऊस. वही पहिल्यापासून वाचली. एका कागदावर फक्त जागा लिहून काढल्या:

मार्गताम्हानेचा चढ. जेट्टीचा चढ. शृंगारतळीचा चढ, दोनदा. रामपूरच्या पुढचा चढ.

पाचही वेळा चढ. पाचही वेळा पहिला किंवा दुसरा गिअर. सपाटीवर, उतारावर, उन्हात तासभर इंजिन चालू ठेवून उभी असताना, एकदाही नाही. म्हणजे उष्णता नव्हे. इंजिनवर जोर येतो तेव्हा काहीतरी सुटतं. आणि चालू केव्हा होते? ढकलल्यावर, दोराने हिसके खात घरी आल्यावर, बॉनेट आपटल्यावर. हिसका बसला की काहीतरी पुन्हा टेकतं.

मी उठून छत्री घेऊन मांडवात गेलो. अंधार होता, काही दिसलं नाही, पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

२ जुलै

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंतची वायर आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची अर्थिंगची पट्टी (गिअरबॉक्स इंजिनलाच जोडलेला असतो, इंजिनकडचा करंट बॅटरीकडे परत येतो तो हिच्यातून), दोन्ही मल्टिमीटरच्या बीपवर तपासल्या. दोन्हीकडे बीप वाजली. हिरमुसलो.

संध्याकाळी वेलदूरला गेलो होतो. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका मोकळे होते. त्यांना सगळं सांगितलं. बीप वाजल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, ‘बीप वाजली म्हणजे तार हाय एवढंच. करंट वाहील का नाय, ते बीप सांगत नाय. एक केस उरला तरी वाजते ती.’ मग समोरच्या इंजिनाच्या सेल्फकडे जाणारी जाड केबल दाखवली: एवढी जाड कशाला असते? सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो म्हणून. बीपवाला मीटर त्याच्या हजाराव्या भागाएवढाही करंट सोडत नाही. ‘पार्ट कशाला बदलत बसलास? आधी जोड बघ. निगेटिव्हचा. आणि लोड देऊन बघ.’

लोड देऊन कसं बघायचं ते त्यांनी वहीतच काढून दिलं. खाली लिहितो आहे, कारण माझ्या मते या नोंदींत सर्वात उपयोगाचं तेच आहे.

६ जुलै, आषाढी एकादशी

मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लिपवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या एखाद्या स्वच्छ बोल्टवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा आणि आपण आकडा वाचायचा. करंटचा परतीचा रस्ता नीट असेल तर दोन्ही टोकांत फरक जवळजवळ नसतो. ०.२ किंवा ०.३ व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त म्हणजे तितके व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत.

बायकोने सेल्फ मारला. पहिला आकडा १.९. दुसऱ्यांदा ३.४. तिसऱ्यांदा सेल्फ ‘टक’ करून थांबला आणि आकडा ९ च्या वर गेला.

मग लाल पिन बॉडीवर: ०.०८. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, बॉडी ते इंजिन खराब. मधे एकच गोष्ट आहे, ती अर्थिंगची पट्टी.

खात्रीसाठी जंप स्टार्टची काळी केबल काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लिफ्टिंग हुकला. सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू. असा सेल्फ या गाडीचा मी घेतल्यापासून ऐकला नव्हता.

आणि धूर? पट्टी करंट नेत नसेल तर तो दुसरी वाट काढतो. इंजिनला आणि बॉडीला जोडणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल. तिचं प्लास्टिक आवरण एका जागी वितळलेलं सापडलं. बायकोला जाऊन सांगितलं की तू १४ जूनला बरोबर पाहिलं होतंस.

स्कॅनरचे दोन्ही कोडही खरे होते. पी ०५६२ तर व्होल्टेज पडतंय असं सरळ सांगत होता. पी ०३३५ मध्ये ‘सर्किट’ हा शब्द आहे, ‘सेन्सर खराब’ असा नाही. १४.१ व्होल्ट दिसले तेव्हा गाडी अंगणात शांत उभी होती, चढावर नव्हती.

८ जुलै

बॅटरी काढली, ट्रे काढला. ट्रेचे दोन कोपरे हातात आले, बिस्किटासारखे. त्याखाली पट्टी. विणलेली तांब्याची, वरून अखंड दिसणारी, पण बॉडीकडचं टोक पूर्ण कळकलेलं. हिरव्या भुग्यात बोटाने दाबलं तर तारा तुटून पडल्या. मोजल्या: अकरा तारा शाबूत. वरून बॅटरीचं ॲसिड, खालून चाकाने उडवलेलं खारं पाणी, पंधरा वर्षं.

नवी पट्टी गुहागरात मिळाली नाही. वेल्डिंगची जाड केबल एक फूट घेतली, दोन तांब्याच्या थिंबल (केबलच्या टोकाला बसवायच्या, बोल्टसाठी भोक असलेल्या), सगळं १८० रुपये. थिंबल दाबायचं यंत्र नव्हतं म्हणून हातोडीने ठोकून वर डाग दिला. बॉडीकडचा रंग पॉलिश पेपरने चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासला, दात असलेला वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन. क्रम लक्षात ठेवा: आधी धातूला धातू, मग आवळणं, मग व्हॅसलिन.

सेल्फ मारताना आता ०.११ व्होल्ट. वितळलेली ॲक्सिलरेटर केबल तूर्त तशीच, अडकत नाही हे दहा वेळा पेडल दाबून पाहिलं.

१२ जुलै

शृंगारतळीचा चढ मुद्दाम चार वेळा, दुसऱ्या गिअरमध्ये. एकदाही आचका नाही.

१९ जुलै, शनिवार

बंद. त्याच चढावर.

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं आणि काय झालं ते उघड्यावर दिसलं: गिअरबॉक्सकडची थिंबल मुळाशी तुटून केबल लोंबत होती. अकरा दिवस टिकली. जंप केबल डिकीत ठेवली होती, ती जोडून घरी आलो. दोर नाही, टेम्पो नाही. वाईट वाटलं, पण एप्रिलमधल्यासारखं हताश वाटलं नाही. कारण माहीत असलं की बंद गाडीजवळ उभं राहणं वेगळं असतं.

केबल का तुटली? ती ताठ होती आणि मी तिला मापात कापली होती, सैल सोडली नव्हती. पण तेवढ्याने तांब्याची थिंबल तुटू नये. इंजिन तिला ओढत होतं.

२० जुलै

इंजिन माउंटिंगची, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांची, तपासणी. बायकोने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडला, मग रिव्हर्समध्ये. मी बाजूला उभा राहून बघत होतो, गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही. इंजिन थोडं डुलतंच, पण आमचं दोन इंच उसळलं आणि खाली आदळलं. वरच्या माउंटिंगचं रबर मधोमध फाटलेलं. चढावर जोर दिला की इंजिन मागे कलायचं आणि कुजलेल्या पट्टीच्या उरलेल्या तारा ओढल्या जायच्या. पट्टी हे बंद पडण्याचं कारण होतं आणि फाटलेलं रबर हे पट्टी तुटण्याचं. मी ८ जुलैला पहिलं कारण सापडल्यावर थांबलो.

२७ जुलै

माउंटिंग १,३५०, मजुरी ५००. विणलेली नवी पट्टी कोल्हापूरहून मागवली, ३२० रुपये, मापापेक्षा दोन इंच लांब घेऊन मधे झोळ सोडला. बसवताना मिस्त्रींना वही दाखवली. तेच मिस्त्री, ज्यांनी प्लग आणि पंप बदलले. त्यांनी आकृती दोनदा पाहिली, मीटर मागितला आणि गॅरेजमध्ये उभ्या एका जीपवर तीच तपासणी लगेच करून पाहिली. मला त्यांच्याबद्दल राग राहिला नाही.

सेल्फला ०.०७ व्होल्ट.

३ ऑगस्ट

बॅटरीचा ट्रे आणि खालचा पत्रा वेल्डिंग करून घेतला, १,२०० रुपये. वेल्डिंगआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायचे. पत्र्याला आतून-बाहेरून प्राइमर, मग रंग, ट्रेखाली रबराचा तुकडा. पुढच्या काचेखालच्या पाण्याच्या वाटा आंब्याच्या पानांनी आणि मोहोराने बुजलेल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. पाणी तिथूनच ट्रेवर येत होतं.

११ ऑगस्ट

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, नारळाच्या काथ्याचं. वायर कुठे कुरतडलेली नाही. डब्याच्या तोंडाला जाळी लावली. आता दर रविवारी बॉनेट उघडतो.

हिशोब मांडला. वाया गेलेले: प्लग-कॉइल ३,८५०, पंप ५,६००, सेन्सर आणि बसवणावळ १,७५०, टेम्पो २,५००. एकूण १३,७००. बॅटरी ४,२०० आज ना उद्या लागलीच असती. ज्याने गाडी दुरुस्त झाली ते: माउंटिंग, दोन्ही पट्ट्या, ट्रे, मजुरी, पॉलिश पेपर-व्हॅसलिन-प्राइमर मिळून ३,८१०. मल्टिमीटर ६५०. रिक्षाचे पैसे यात धरलेले नाहीत.

१५ ऑगस्ट

ॲक्सिलरेटरची केबल बदलली, ४८० रुपये. स्कॅनर जोडला, कोड नाही.

२२ ऑगस्ट

आईला चिपळूणला नेलं. मार्गताम्हानेच्या चढावर ती पुढच्या सीटचा हात घट्ट धरून बसली होती. मी काही बोललो नाही, गाडी तिसऱ्यात जात होती तरी दुसऱ्यात घातली आणि चढ संपेपर्यंत तशीच ठेवली. वर आल्यावर तिने हात सोडला आणि पिशवीतून आवळासुपारी काढून मला दिली.

२५ ऑगस्ट, सोमवार

पहाटे चिपळूण स्टेशनवरून भाऊ, वहिनी आणि दोन मुलांना आणलं, गणपतीसाठी मुंबईहून आले. डिकी भरलेली, एक ट्रंक मुलांच्या पायाखाली. पाऊस होता. घरी आल्यावर सगळे आत गेले तेव्हा मीटर लावला: ०.०८.

नोव्हेंबरमध्ये गाडीला १५ वर्षं होतात, पासिंग करून रजिस्ट्रेशन नव्याने काढायचं आहे, फी ५,००० रुपये. त्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून पत्रा बघायचा आहे, तिथे ओल लागते. ते काम गणपती गेल्यावर.